हागुरो, गास्सान, युदोनो – तीन डोंगर, चार दिवस

ऑफिसमधल्या एका वयस्कर जपानी सहकाऱ्यांनी मला एकदा विचारलं होतं, तुम्ही लोक देवळात जाताना चपला काढता ना? हो म्हटलं. मग म्हणाले, तर एकदा युदोनोला जाऊन या. तिथे काय आहे विचारलं तर मान हलवून म्हणाले की ते सांगायचं नसतं. बास, एवढंच बोलणं. पण ते तीन वर्षं डोक्यात राहिलं, आणि शेवटी यंदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी आणि नवरा चार दिवसांची सुट्टी टाकून निघालोच.

जायचं होतं जपानच्या यामागाता प्रांतातल्या देवा सानझानला. देवा हे तिथल्या जुन्या प्रांताचं नाव, आपल्या देवाशी त्याचा काही संबंध नाही, पण पहिल्यांदा ऐकल्यावर मराठी माणसाचे कान टवकारतातच. सानझान म्हणजे तीन डोंगर. हागुरो ४१४ मीटर, म्हणजे टेकडीच म्हणा, गास्सान १९८४ मीटर आणि युदोनो १५०४ मीटर. तिन्हीवर शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माची, देवस्थानं आहेत आणि ती तिन्ही मिळून एकच यात्रा धरतात. हागुरो म्हणजे आत्ताचं जग, गास्सान म्हणजे मेल्यानंतरचं, आणि युदोनो म्हणजे पुन्हा जन्म. त्यामुळे चालायचंही त्याच क्रमाने. जिवंतपणी एकदा मरून परत यायचं, अशी ही यात्रा.

पहिला दिवस – तोगे गाव

योकोहामाहून पहाटे निघालो, तोक्योहून निईगातापर्यंत शिनकानसेन (बुलेट ट्रेन) दोन तास, आणि तिथे गाडी बदलून 'इनाहो' एक्सप्रेस. इनाहो म्हणजे भाताची लोंबी. नाव किती योग्य आहे ते पुढे कळतं. ही गाडी जपान समुद्राच्या कडेकडेने उत्तरेकडे जाते, जाताना डावीकडची खिडकी मिळाली तर बघा, खडक आणि निळं पाणी इतकं जवळून जातं की फोन खाली ठेवावासाच वाटत नाही. पावणेदोन-दोन तासांनी त्सुरुओका येतं आणि त्याच्या आधीच डोंगर मागे सरकून भातशेतीचं सपाट मैदान सुरू होतं, शोनाई म्हणतात त्याला. नजर जाईल तिथपर्यंत हिरवं भात, आणि त्याच्या पलीकडे एक लांबलचक, गोलसर पाठ असलेला डोंगर. टोक नाही, सुळका नाही. ते गास्सान. ऑगस्टमध्येसुद्धा त्याच्या अंगावर बर्फाचे पांढरे पट्टे दिसत होते.

त्सुरुओकाहून बसने तोगे गावात आलो. हे हागुरोच्या पायथ्याचं गाव, आणि इथे राहायचं ते शुकुबोमध्ये, म्हणजे यात्रेकरूंना उतरवून घेणारी घरं. एके काळी अशी तीनशेच्या वर घरं होती, आता थोडीच राहिलीत. प्रत्येक घर यामाबुशीचं, म्हणजे डोंगरात राहून साधना करणाऱ्याचं. आणि मला सगळ्यात ओळखीची वाटली ती त्यांची जुनी पद्धत. प्रत्येक घराचे यात्रेकरू ठरलेले, अमुक गावचे लोक अमुक घरीच उतरणार, पिढ्यान् पिढ्या. हिवाळ्यात यामाबुशी स्वतः त्या गावांना जाऊन घरोघरी देवाचे कागद वाटून यायचे आणि उन्हाळ्यात ती माणसं यात्रेला यायची. आपल्याकडे त्र्यंबकला नाशिकला क्षेत्रोपाध्ये असतात ना, गाव सांगितलं की वही काढून पणजोबांचं नाव दाखवणारे, अगदी तेच नातं. नवरा म्हणाला, अगं आपलं गाव कुठल्या घराकडे असेल इथे! मी म्हटलं आजपासून ह्याच.

गावातल्या बऱ्याच घरांच्या छपराखाली जाडजूड दोर टांगलेले दिसले. मला वाटलं नुसती सजावट. घरच्या काकूंनी सांगितलं की ३१ डिसेंबरच्या रात्री हागुरोवर शोरेइसाइ नावाचा उत्सव असतो, त्यात गवती दोरांचा एक प्रचंड मोठा किडा बनवतात, त्सुत्सुगामुशी, चावला की ताप येऊन माणसं मरायची तो किडा, आणि त्याला तोडून जाळतात. त्या दोराचे तुकडे गावातले तरुण ओढाओढी करून मिळवतात आणि घराला बांधतात, म्हणजे वर्षभर रोगराई, आग काही घरात येत नाही. विचार करा, ज्या किड्याने गावं ओस पाडली त्याचाच दोर दाराला रखवालदार म्हणून बांधायचा.

रात्रीचं जेवण शोजिन र्योरी, म्हणजे यात्रेकरूंचं सात्त्विक जेवण. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. घट्ट तीळ-तोफू, त्यावर कोमट दाटसर रस्सा, डोंगरातल्या पाच-सहा प्रकारच्या भाज्या, बांबूचे बारीक कोवळे कोंब (गास्सानवरचे फार नावाजलेले आहेत), आणि भात. आम्ही शाकाहारी म्हणून जपानमध्ये जेवताना नेहमी दहा प्रश्न विचारावे लागतात, यात मासा आहे का, त्यात कात्सुओ (सुकवलेला मासा) आहे का, आणि इथे पहिल्यांदाच निवांत जेवलो. चातुर्मासात आजीकडे जेवल्यासारखं वाटलं मला तरी.

जेवणानंतर घरच्या काकांनी राजपुत्राची गोष्ट सांगितली. ५९२ साली सम्राट सुशुन यांचा खून झाला, करवला होता त्यांच्याच दरबारातल्या सोगा नो उमाकोने. सुशुनचा मुलगा हाचिको जीव वाचवून पळाला, चुलतभाऊ शोतोकु याने त्याला पळ म्हणून सल्ला दिला असं सांगतात. बोटीने उत्तरेला आला, तर युरा नावाच्या किनाऱ्यावर खडकांत आठ मुली नाचत होत्या, त्यांनी त्याला बोलावून घेतलं. पुढे रस्ता चुकला तेव्हा तीन पायांचा एक कावळा आला आणि त्याला वाट दाखवत हागुरोच्या जंगलात घेऊन गेला. हागुरो म्हणजेच काळा पंख. ५९३ साली त्याने तिथे देव स्थापला, मग गास्सान, मग युदोनो. गोष्ट म्हणून ऐकायची तर ऐका, पण काका सांगताना त्यांच्या आवाजात गोष्टीचा सूर नव्हता, घरातल्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगत होते.

आणि या राजपुत्राची चित्रं बघितलीत तर दचकायला होतं. काळा रंग, वाकडं तोंड, फाटलेला जबडा. काका म्हणाले, लोकांची दुःखं ऐकून ऐकून ती त्याने स्वतःवर घेतली म्हणून चेहरा तसा झाला. त्याला नोजो ताइशी असंही म्हणतात, दुःख दूर करणारा राजपुत्र. विष पिऊन गळा निळा झालेला देव आपल्याला माहितीये, त्यामुळे मला हे समजायला जराही वेळ लागला नाही.

दुसरा दिवस – हागुरो, २४४६ पायऱ्या

सकाळी झुइशिनमोन दरवाजापासून सुरुवात. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं नुसतं फोटोपुरतं राहतं. जवळजवळ हजार वर्षं या डोंगरांवर शिंतो आणि बौद्ध असा फरकच नव्हता. डोंगरातले देव म्हणजे कामी, आणि बुद्ध-बोधिसत्त्व हे त्यांचंच मूळ रूप, असं लोक मानायचे. हागुरोचं मूळ रूप कान्नोन, गास्सानचं अमिदा, युदोनोचं दाइनिचि. आता ही नावं आपल्या भाषेत आणा. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा आहे तोच. अमिदा म्हणजे अमिताभ. दाइनिचि म्हणजे महावैरोचन. म्हणजे सह्याद्रीच्या लेण्यांतली माणसं इथे बर्फाच्या डोंगरात देव होऊन बसली होती.

मग १८६८ मध्ये सम्राट मेइजींच्या नव्या सरकारचा हुकूम आला की कामी वेगळे आणि बुद्ध वेगळे करा. १८७२ मध्ये यामाबुशींचा शुगेंदो पंथच बंद केला. तिन्ही डोंगर शिंतो ठरवले गेले, मूर्ती हलवल्या, किती तरी फोडल्या, पोथ्या गेल्या. या दरवाजाचं नावसुद्धा आधी निओमोन होतं, निओ म्हणजे बौद्ध द्वारपाल. त्यांना इथून हलवलं, ते आता खाली गावातल्या शोझेनइन या बौद्ध देवळाकडे आहेत, आणि इथे शिंतो रखवालदार बसवून दाराचं नाव बदललं. मी दारात उभी राहून दोन्ही बाजूंच्या मूर्ती बघत होते आणि मनात त्या आधीच्या दोघांचाच विचार येत होता.

दारातून आत गेलं की पायऱ्या आधी खाली उतरतात! सगळे वर चढायच्या तयारीने आलेले असतात आणि वाट खाली नेते, नदीपर्यंत. हाराइगावा, म्हणजे शुद्धीची नदी, तिच्यावर लाल पूल, बाजूला सुगा धबधबा. पूर्वी यात्रेकरू इथे अंघोळ करून मगच पुढे जायचे. पुलापलीकडे देवदारासारखे सुगी वृक्ष सुरू होतात आणि मग बोलणं आपोआप कमी होतं. साडेतीनशे ते पाचशे वर्षांची झाडं आहेत ही, वाटेच्या दोन्ही बाजूंनी, सरळ वर. त्यातलं एक जिजि-सुगी, आजोबा-सुगी, हजार वर्षांचं मानतात, त्याला दोर बांधलेला आहे.

आणि आजोबांच्या जवळच पाच मजली लाकडी पॅगोडा. रंग नाही, सोनं नाही, नुसतं पावसाने करडं झालेलं लाकूड, २९ मीटर उंच, पण झाडं त्याहून उंच असल्याने तो झाडांच्यात उभं राहिलेलं आणखी एक झाडच वाटतो. पहिल्यांदा दहाव्या शतकातल्या ताइरा नो मासाकादो या योद्ध्याने बांधला अशी आख्यायिका आहे, आत्ताचा साधारण १३७२ सालचा म्हणतात. साडेसहाशे हिवाळे, आणि इथले हिवाळे म्हणजे माणूसभर बर्फ. आता पॅगोडा ही वस्तू मुळात बौद्धच, आपला स्तूप चीनमार्गे जाऊन असा उंच झाला. मग १८६८ नंतर तो वाचला कसा? तर आतल्या बुद्धमूर्ती काढल्या आणि तिथे ओकुनिनुशी या शिंतो देवाला बसवलं. ओकुनिनुशी म्हणजे मोठ्या देशाचा धनी, आणि त्याच्या नावातली अक्षरं दाइकोकु अशीही वाचता येतात, आणि दाइकोकु म्हणजे महाकाल! भारतातून गेलेला महाकाल जपानमध्ये तांदळाच्या पोत्यांवर उभा राहून हसणारा दाइकोकु झाला आणि लोकांनी कधीच त्याची आणि ओकुनिनुशीची सांगड घालून टाकली होती. म्हणजे बाहेर काढून बाहेर काढून शेवटी आत कोण आलं बघा. मी तिथे बराच वेळ थांबले. नवरा पुढे गेला होता तो परत खाली आला बघायला.

पायऱ्या एकूण २४४६, अंतर सुमारे पावणेदोन किलोमीटर. १६४८ मध्ये तेन्यु नावाच्या मठाधिपतींनी काम सुरू केलं आणि तेरा वर्षं लागली. पुढे याच तेन्युंना वादात अडकवून इझु बेटांपैकी निइजिमावर हद्दपार केलं, तिथेच ते वारले. ज्याच्या पायऱ्यांवरून आज हजारो लोक चढतात तो माणूस परत कधी या पायऱ्या चढू शकला नाही, हे वाचल्यापासून प्रत्येक पायरीला हात लावावासा वाटत होता. काही पायऱ्यांवर कारागिरांनी छोटे छोटे साकेचे (तांदळाच्या दारूचे) प्याले, भोपळे वगैरे कोरून ठेवलेत, आम्हाला सहा सापडले. दुसरा चढ सगळ्यात उभा, बेंकेईसारखा पहिलवानही इथे हातातलं तेल सांडून बसला अशी गोष्ट आहे. तो संपला की चहाचं दुकान, तिथे चिकारा-मोची खाल्ली, म्हणजे ताकदीची मोची (तांदळाचा चिकट लाडू), आणि समोर शोनाईचं सगळं मैदान पसरलेलं. काल आलो ती भातशेतं वरून.

माथ्यावरचं देऊळ सानजिन गोसाइदेन. तीन देवांचं एकत्र देऊळ, १८१८ साली बांधलेलं, गवताचं छप्पर दोन मीटरहून जाड. वर्षातले कितीतरी महिने गास्सान आणि युदोनो बर्फाखाली असतात, म्हणून तिघांचीही पूजा इथे एकाच छपराखाली होते. मधे गास्सानचा त्सुकुयोमी, चंद्रदेव. उजवीकडे हागुरोचे देव, इदेहा नो कामी म्हणजे या प्रांताचाच देव आणि उकानोमितामा म्हणजे धान्याचा, भाताचा देव, इनारीच्या देवळात असतो तोच. डावीकडे युदोनोचे तिघं, ओयामात्सुमि म्हणजे डोंगरांचा देव, ओनामुचि जे ओकुनिनुशीचंच दुसरं नाव, आणि सुकुनाहिकोना, औषधांचा आणि गरम झऱ्यांचा इवलासा देव.

देवळासमोर कागामि-इके, आरशांचं तळं. बघायला साधं, शेवाळी पाणी. पण यातून पाचशेहून जास्त ब्राँझचे आरसे निघाले, शेकडो वर्षांत लोकांनी देवाला वाहिलेले. आरसा हा देवाचा चेहरा, आणि तळं हाच देव, त्यामुळे आरसा द्यायचा तो पाण्यातच. दूर राजधानीतल्या ज्यांना एवढ्या लांब येणं जमत नव्हतं त्यांचेही आरसे कुणाकुणाबरोबर इथे आले असं मानतात. बाजूला १२७५ सालची अवाढव्य घंटा आहे, मंगोल आरमार चालून आलं होतं त्या काळातली. सांगतात की तळ्यातल्या नागदेवतेने, म्हणजे ड्रॅगनने, समुद्रावर जाऊन शत्रूची जहाजं बुडवली आणि त्याच्या उपकारापोटी शोगुनने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाने, ही दिली.

हाचिको राजपुत्राची समाधीही वरच आहे आणि तिची देखभाल राजघराण्याचं खातं करतं, कारण शेवटी तो राजपुत्र.

खाली उतरताना एक आवाज आला आणि आम्ही दोघंही एकदम थांबलो. शंख! पांढऱ्या कपड्यांतले पाच-सहा यामाबुशी, कमरेला दोर, वर चढत येत होते आणि पुढचा शंख फुंकत होता. होरागाइ म्हणतात. त्यांचा होमही आहे, गोमा नावाने, संस्कृत होम शब्दच बदलत बदलत गेलेला. आणि चढताना म्हणतात 'रोक्कोन शोजो', सहा इंद्रियं शुद्ध होवोत. माझ्या डोळ्यात पाणी आलं खरं सांगते, सुट्टीत आजोळी संध्याकाळी आरतीच्या आधी मामा शंख वाजवायचा तो आवाज हजारो किलोमीटर सोडा, माझ्या मनातून किती वर्षं लांब गेला होता.

रात्री काकांनी यामाबुशींच्या अकि नो मिने साधनेबद्दल सांगितलं, ऑगस्टच्या शेवटी असते. डोंगर म्हणजे आईचं पोट, त्यात शिरायचं, आधी स्वतःचं मरण करून घ्यायचं, म्हणून कपडे पांढरे, प्रेताचे. बंद खोलीत निखाऱ्यांवर मिरची आणि तांदळाचा कोंडा टाकून धुरी देतात, तो नरक. (मिरचीची धुरी म्हटल्यावर आमच्या दोघांच्याही घशात आपोआप खवखवलं.) शेवटी ओरडत डोंगरातून धावत खाली येतात, तो जन्माचा टाहो. १८६८ च्या फाटाफुटीमुळे आज ही साधना दोन ठिकाणी होते, देवस्थानाची वेगळी आणि शोझेनइनच्या बौद्धांची वेगळी, पण डोंगर तोच, शंख तोच. बायकांसाठीही देवस्थानाची वेगळी साधना आहे सप्टेंबरमध्ये. पूर्वी जपानातल्या कितीतरी पवित्र डोंगरांवर बायकांना जायलाच बंदी होती, १८७२ च्या सरकारी हुकुमाने ती उठली. तेच वर्ष ज्यात शुगेंदो बंद केला. एकाच सरकारने एक दार बंद केलं आणि दुसरं उघडलं.

काका प्रत्येक गोष्टीला 'उकेतामो' म्हणत होते. यामाबुशींचा शब्द. जे येईल ते घेतलं, मान्य. पाऊस पडणार म्हणे उद्या, विचारलं. उकेतामो.

तिसरा दिवस – गास्सान, आणि युदोनो

डोंगराच्या वाटेचे दहा टप्पे धरतात, पहाटेची बस गास्सानच्या आठव्या टप्प्यापर्यंत जाते, सुमारे १४०० मीटर. तिथे मिदागाहारा आहे, अमिदाचं पठार, पाणथळ गवताळ, मधे आरशासारखी लहान लहान तळी आणि त्यात पिवळी फुलं, लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालायचं. एक छोटं देऊळ आहे, पूर्वी ज्यांना वर जाणं शक्य नसे ते इथूनच माथ्याकडे हात जोडायचे. तिथे दगडी ससा आहे. गास्सान म्हणजेच चंद्राचा डोंगर, आणि चंद्रात ससा असतो हे जपानी पोरांनाही माहीत आहे. आपण चंद्राला शशांक म्हणतोच की. गास्सानला जायचं पुण्य सशाच्या वर्षी जास्त, हागुरोला घोड्याच्या, युदोनोला बैलाच्या, बारा प्राण्यांच्या नावांची वर्षं फिरत राहतात, त्यामुळे बारा वर्षांतून एकदा येतं प्रत्येकाचं.

पाऊस आलाच. मोठा नाही, पण ढग इतके खाली की दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं, नुसते दगड, गवत आणि समोरच्या माणसाची पाठ. अडीच-तीन तासांची चढण, नवव्या टप्प्यावर तळ्याकाठी एक झोपडी आहे तिथे गरम काहीतरी प्यायलो. दोन ठिकाणी बर्फावरून चालावं लागलं. आणि त्या ढगात मला पहिल्यांदा कळलं की हा डोंगर मेलेल्यांचा का मानतात. इथल्या लोकांची समजूत आहे की माणूस गेला की त्याचा आत्मा हळूहळू डोंगर चढत जातो आणि वर पोचला की देव होतो, पितर होतो. वाटेत ठिकठिकाणी दगडांचे ढिगारे होते, कुणी कुणासाठी रचलेले. मी बाबांसाठी एक ठेवला. नवऱ्याने काही विचारलं नाही, तोही थांबला.

त्सुकुयोमीची गोष्ट फार थोडी सांगितली जाते, सूर्यदेवी आमातेरासु आणि वादळाचा सुसानोओ या भावंडांपुढे हा गप्पच असतो. त्यांचा बाप इझानागी पाताळातून परत आल्यावर नदीत अंग धूत होता, डावा डोळा धुतला तेव्हा आमातेरासु झाली, उजवा धुतला तेव्हा हा. निहोन शोकी या ७२० सालच्या ग्रंथात त्याची एकच मोठी गोष्ट आहे. बहिणीने त्याला उकेमोचि या अन्नदेवीकडे पाठवलं, तिने तोंडातून भात, मासे, शिकार काढून त्याच्यापुढे ताट वाढलं, याला किळस आली आणि त्याने तिला मारून टाकलं. तिच्या देहातून भात, बाजरीसारखी धान्यं, डाळी, रेशमाचे किडे, गाईगुरं, घोडे उगवले. आमातेरासु इतकी चिडली की तुझं तोंड बघणार नाही म्हणाली, आणि तेव्हापासून दिवस आणि रात्र वेगळे झाले. मेलेल्या देहातून आलेलं भात. आणि खरंच बघा, गास्सानचा बर्फ वितळून खाली जातो, त्याच पाण्यावर शोनाईचं भात पिकतं. गाडीतून पाहिलेलं सगळं हिरवं इथून आलेलं. मेलेल्यांचा डोंगर गावाला जेवू घालतो, आणि हागुरोवर भाताचा देव का बसलाय तेही मग वेगळं सांगावं लागत नाही.

माथ्यावरचं देऊळ दगडी भिंतीच्या आत, वाऱ्यापासून वाचायला. आत जाण्याआधी पुजारी डोक्यावरून कागदी झिरमिळ्यांची काठी फिरवून शुद्ध करतात. आत फोटो काढायचा नाही. देऊळ लहान, साधं, ढगात बुडालेलं. कवी बाशो १६८९ मध्ये इथे चढून आले होते, बांबूच्या पानांवर रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी पलीकडे युदोनोला उतरले. आम्हीही तीच वाट घेतली.

उतार अवघड आहे, हे स्पष्ट सांगते. गुडघे ज्यांचे दुखरे आहेत त्यांनी माथ्यावरून परत आठव्या टप्प्यावर यावं आणि युदोनोला गाडीने जावं, त्यात काहीच कमी नाही. वाटेत तलवारी बनवणाऱ्या गास्सान घराण्याच्या लोहारांच्या झोपडीची जागा दाखवतात, डोंगराच्या पाण्याने पातं थंड करायचे. शेवटी शेवटी लोखंडी शिड्या आहेत कड्याला लावलेल्या, आणि ओले दगड, आणि वाट म्हणजे ओढाच. पाऊस थांबला होता. ढगातून बाहेर येत येत खाली हिरवी दरी दिसायला लागली, पाण्याचा आवाज मोठा होत गेला, पक्षी ओरडायला लागले, वर एकही नव्हता. पांढरं सगळं मागे राहिलं.

युदोनो. इथे देऊळ नाही, इमारतच नाही. बाहेर पाटी आहे, फोटो काढू नका, बूट-मोजे काढा. पुजारी शुद्ध करतात, हातात माणसाच्या आकाराचा कागद देतात, तो अंगावरून फिरवायचा, त्यावर फुंकर घालायची आणि पाण्यात सोडायचा. मग अनवाणी आत.

यापुढचं लिहिणार नाही. जुना नियम आहे इथला, 'कातारुनाकारे, किकुनाकारे', सांगू नये आणि विचारू नये. बाशोनेही पाळला, सांगता येत नाही एवढंच लिहून बाही भिजली म्हणून थांबले. आजकाल इंटरनेटवर सगळं सापडतं, मला माहितीये, पण ज्यांना जायचं आहे त्यांनी आधी शोधू नये असं मनापासून वाटतं. मी तीन वर्षं शोधलं नव्हतं. नवरा आणि मी बाहेर येऊन गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो आणि आपापसातही काही बोललो नाही.

रात्री तिथेच सेन्निनझावाच्या यात्री निवासात राहिलो.

चौथा दिवस – दाइनिचिबो, आणि परत

बस फार कमी आहेत, आदल्या दिवशी टॅक्सी सांगून ठेवली होती. वाटेत ओआमि गावात दाइनिचिबो हे बौद्ध देऊळ. १८६८ नंतर युदोनोचं मुख्य स्थान शिंतो झालं पण दाइनिचिबो आणि जवळचं चुरेनजि ही दोन बौद्धच राहिली. इथे शिन्न्योकाइ शोनिन बसलेले आहेत. बसलेले असंच म्हणतात. वर्षानुवर्षं धान्य सोडून झाडांच्या साली, बिया, मुळं खात देह सुकवला आणि १७८३ मध्ये, ९६ व्या वर्षी, समाधी घेतली. देह तसाच राहिला. याला सोकुशिनबुत्सु म्हणतात, देहासकट बुद्ध झालेला. भगव्या-लाल वस्त्रात, मान किंचित पुढे. ठराविक वर्षांनी वस्त्र बदलतात आणि जुन्या वस्त्राचे तुकडे ताइतात घालून लोकांना देतात. आम्हाला भीती वाटेल असं आधी वाटलं होतं, पण देवळातल्या माणसाने त्यांची ओळख करून दिली तीच इतक्या आपुलकीने, दुष्काळात लोक उपाशी मरत होते, त्यांच्यासाठी यांनी अन्न सोडलं, असं. आळंदीला माऊलींच्या समाधीसमोर बसतो तसेच बसलो. एक ताईत आईसाठी घेतला.

दुपारी त्सुरुओका स्टेशनवर गाडीला तासभर वेळ होता. या दिवसांत तिथे सगळीकडे दादाचा-मामे मिळतात, शेंगेत उकडलेले हिरवे सोयाबीन, वासाने ओळखू येतात. दादाचा म्हणजे तिथल्या बोलीत बाप. कुठल्या दादाचाच्या शेतातले आज, असं इथला सरदार विचारायचा म्हणे, त्यावरून नाव पडलं. पिशवीभर घेतले आणि बाकावर बसून खाताना आईला फोन लावला.

तिला सगळं सांगितलं, पायऱ्या, शंख, ससा, बाबांसाठी ठेवलेला दगड. ती ऐकत होती. मग म्हणाली, आणि तो शेवटचा देव कसा होता गं?

म्हटलं, आई, ते सांगायचं नसतं तिथलं.

"बरं," ती म्हणाली, "मग नको सांगूस. अनवाणी गेलीस ना?"

हो म्हटलं.

"मग झालं. शेंगा खा, गाडी चुकवू नका."